ऑस्ट्रियाचे नऊ दिवस, सासूबाईंचे गुडघे आणि माळकरी सासरे

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्याहून चौघं जण, नवरा-बायको आणि सासू-सासरे (वय ६८ आणि ७२), सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात नऊ दिवस ऑस्ट्रियाला निघालेत. यादीत व्हिएन्ना, साल्झबर्ग, हालश्टाट, इन्सब्रुक, ग्रोसग्लॉकनरचा घाटरस्ता आणि "जाता जाता" म्युनिक आणि प्राग. सासूबाईंचे गुडघे दुखतात. सासरे माळकरी, म्हणजे मांस, मासे, अंडं, दारू काही नाही. शेवटी लिहिलंय, "डोंगर, इतिहास आणि तिथलं खाणं, तिन्ही नीट अनुभवायचंय. कसं बसवायचं?"

ताई, गेली सोळा वर्षं मी दहा-बारा जणांचे मराठी गट आल्प्समध्ये नेते आणि त्यात निम्मी मंडळी साठीच्या पुढची असतात. त्यामुळे तुमचा प्रश्न मला पाठ आहे. तुम्हाला वाटतंय की दिवस कमी पडतायत. मला यादी वाचून दिसतं ते सामान. हॉटेल बदललं की अर्धा दिवस गेला असं धरून चालायचं: सकाळी बॅगा भरणं, स्टेशन, गाडी बदलणं, खोली मिळेपर्यंत ताटकळणं. नऊ दिवसांत सात ठिकाणं म्हणजे त्यातले तीन-साडेतीन दिवस तुम्ही फक्त बॅगा ओढणार. आणि त्या कोण ओढणार? सासूबाई नाहीत, म्हणजे तुम्ही दोघं.

आधी जे तुमच्यावर अवलंबून आहे ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. सासूबाई सलग किती पायऱ्या चढतात, आणि त्याहून महत्त्वाचं, किती उतरतात? गुडघेदुखीत उतरणं जास्त छळतं. दुसरं, सासऱ्यांना दिसणारं अंडं चालत नाही की केकच्या पिठातलंही नाही? काही घरांत हा फरक केला जातो, काही घरांत नाही. त्यांना स्पष्ट विचारून घ्या. तिसरी गोष्ट हवा, ती कोणाच्याच हातात नाही.

माझा आराखडा असा असेल: व्हिएन्नात तीन रात्री, बाड इश्ल या छोट्या गावात तीन रात्री, साल्झबर्गला दोन. जाताना व्हिएन्नाला उतरा आणि परतीचं विमान म्युनिकहून घ्या. साल्झबर्ग जर्मनीच्या सीमेलगतच आहे, तिथून म्युनिकचा विमानतळ रेल्वेने अडीच तासांच्या आसपास. म्युनिक तुम्हाला तेवढंच लागेल. प्राग सोडा, ती वेगळी सहल आहे.

इन्सब्रुक सोडताना मला स्वतःला वाईट वाटतं. तिथल्या होफकिर्खे या चर्चमध्ये सम्राट माक्सिमिलियन पहिला याची भव्य समाधी आहे, भोवती माणसापेक्षा मोठे २८ कांस्यपुतळे पहारा देतात आणि समाधी रिकामी आहे. सम्राटाला पुरलंय दूर वीनर नॉयश्टाटला. पण एका दिवसासाठी तिथे जाऊन येणं तुमच्या सासूबाईंना झेपणार नाही.

ग्रोसग्लॉकनरच्या रस्त्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण त्यावर सगळ्यांचा जीव अडकतो. तो १९३५ साली खुला झाला, ४८ किलोमीटरचा, ३६ मोठ्या वळणांचा, आणि २,५०० मीटरपर्यंत चढतो. समोर ३,७९८ मीटरचं ऑस्ट्रियातलं सर्वोच्च शिखर आणि खाली पास्टेर्त्से हिमनदी. सुरुवातीच्या वर्षांत मी एका गटाला पावसाळी सकाळी तिथे नेलं. पैसे भरले होते, दिवस ठरला होता, रद्द करायला मन झालं नाही. सगळी वळणं धुक्यात गेली, तिघांना गाडी लागली आणि वर आम्हाला दिसलं ते फक्त वाहनतळ. त्या दिवसापासून एक नियम पाळते: डोंगराचा दिवस आधी ठरवायचा नाही. बहुतेक केबल कारच्या वरच्या स्थानकावर कॅमेरा असतो, त्याचं चित्र फोनवर दिसतं. ऑस्ट्रियाच्या टीव्हीवरही सकाळी डोंगरमाथ्यांची थेट चित्रं दाखवतात. मी साडेसातला ती बघते आणि मगच तिकीट काढते. बऱ्याचदा खाली दरीत दाट धुकं असतं आणि वर लख्ख ऊन. खिडकीतून बाहेर बघून निर्णय घेतलात तर नेमका चांगला दिवस हातचा जाईल.

त्या हिमनदीबद्दल एक गोष्ट मला गप्प बसू देत नाही. १९६३ साली तिथे दरीत उतरणारी छोटी रेल्वे बांधली, तेव्हा तिचं खालचं टोक बर्फाच्या कडेला होतं. आज तिथून बर्फ गाठायला बरंच खाली चालावं लागतं. माझ्या सोळा वर्षांतसुद्धा ती मागे सरकलेली मला डोळ्यांनी दिसली आहे. कधी तरी दोघंच जाल तेव्हा नक्की बघा. या वेळी, ज्येष्ठांसोबत आणि एका दिवसात, नको.

मग डोंगर कुठे? बाड इश्लला. हे गाव साल्झकामरगुट नावाच्या मुलखाच्या मध्यावर आहे. 'साल्झ' म्हणजे मीठ. साल्झबर्ग म्हणजे मिठाचा किल्ला आणि हा मुलूख म्हणजे राजाच्या मालकीचा मिठाचा प्रदेश. तुम्ही डोंगर, इतिहास आणि खाणं असे तीन वेगळे रकाने केलेत, पण इथे तिन्हींच्या तळाशी मीठच आहे, म्हणून या एका खोऱ्यात तीन रात्री मुक्काम करायला सांगतेय. डोंगराच्या पोटात मीठ होतं, मिठावर पैसा आला, पैशावर किल्ले आणि राजवाडे उभे राहिले. आणि मिठामुळेच मांस-चीज हिवाळाभर टिकलं, तेच तिथल्या ताटात आलं.

हालश्टाट इश्लहून रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत येतं. स्टेशन तळ्याच्या या काठाला, गाव पलीकडे. गाडीच्या वेळेला जोडून होडी सुटते. सासूबाईंसाठी हीच उत्तम वाट. नऊच्या आधी पोचा. दहानंतर बसगाड्या यायला लागतात आणि जेमतेम साडेसातशे वस्तीचं ते गाव जत्रेसारखं भरतं. फोटोतली ती प्रसिद्ध जागा बघून लोक तासाभरात परततात, पण गावाचं खरं महत्त्व वरच्या डोंगरात आहे. तिथे सुमारे सात हजार वर्षांपासून मीठ काढलं जातंय. १८४६ साली खाणीतल्या रामझाउअर नावाच्या अधिकाऱ्याला तिथे प्राचीन दफनभूमी सापडली आणि पुढच्या सतरा वर्षांत त्याने जवळजवळ एक हजार कबरी उकरून त्यांच्या नोंदी ठेवल्या. युरोपच्या लोहयुगाच्या पहिल्या टप्प्याला आज 'हालश्टाट संस्कृती' म्हणतात, ते नाव या खेड्याचं. मिठामुळे काही कुजलं नाही: कापडाचे तुकडे, चामड्याच्या पाठपिशव्या, इतकंच काय, एक लाकडी जिना. लाकडातली वर्षवलयं मोजून त्याचं साल निघालं, इसवी सन पूर्व १३४४.

खाणीत मात्र सासूबाईंना नेऊ नका. आत आठ अंश थंडी, बरंच चालणं आणि जिने. त्याऐवजी व्हिएन्नातल्या निसर्गेतिहास संग्रहालयात दोन तास काढा. हालश्टाटमधल्या वस्तूंचा मोठा संग्रह तिथे आहे, लिफ्ट आहे, बसायला बाकं आहेत. मंगळवारी ते बंद असतं, तेवढं जपा. माझ्या गटांचा अनुभव असा की आधी त्या वस्तू बघितल्या आणि मग होडीतून गावाकडे आलं की लोक वर डोंगराकडे बघतात, दुकानांकडे नाही. हालश्टाटपासून एबेनझेपर्यंत खारं पाणी वाहून नेणारी चाळीस किलोमीटरची नळवाट १६०७ मध्ये पुरी झाली. सुमारे तेरा हजार झाडांची खोडं आतून पोखरून जोडली होती. जंगलाच्या काठाने तिची वाट अजून आहे. तुम्हा दोघांना एखादी सकाळ मोकळी मिळाली तर त्यावर तासभर चाला.

इश्लच्या दुसऱ्या दिवशी, कॅमेऱ्यात आकाश मोकळं दिसलं तर सांक्ट वोल्फगांगहून शाफबेर्गची रेल्वे घ्या. १८९३ पासून ती १,७८३ मीटरच्या डोंगरावर चढते. ऊटीच्या गाडीसारखाच रुळांमध्ये दातांचा पट्टा आहे. वर पोचल्यावर थोडंच चालायचं आणि खाली एकाच वेळी तीन तळी दिसतात. तिकीट परतीच्या ठरावीक गाडीचं असतं, म्हणून वेळ बघून घ्या. ढग असतील तर गोसाऊ गावाजवळचं 'पुढचं तळं' (फोर्डरर गोसाउझे) बघा. बस अगदी काठापर्यंत जाते, तळ्याभोवतीची वाट जवळजवळ सपाट आहे आणि समोर डाखश्टाइनची हिमनदी. मला विचाराल तर सासूबाईंसाठी हा दिवस सगळ्या सहलीत सर्वांत सुखाचा ठरेल. ढग असले तरी ते वर-खाली होत राहतात आणि बाकावर बसून तेच बघत राहावंसं वाटतं.

तुमच्या तारखा आणखी एका कारणासाठी चांगल्या आहेत. उन्हाळाभर गुरं उंचावरच्या कुरणांवर असतात. त्या कुरणाला 'आल्म' म्हणतात. सप्टेंबरच्या मध्यापासून ती खाली आणतात. उन्हाळ्यात दगावण्यासारखं काही घडलं नसेल तर गाईंच्या डोक्यावर फुलापानांचे मुकुट, गळ्यात मोठमोठ्या घंटा. आमच्या गटातल्या एका शेतकरी काकांनी ते बघून हात जोडले आणि म्हणाले, "हा तर पोळाच." प्रत्येक गावाचा दिवस वेगळा असतो आणि हवेनुसार बदलतो. इश्लला पोचलात की राहत्या घराच्या मालकिणीला विचारा, आसपास कुठे आहे ते तिला माहीत असतं.

आता खाणं. माळकरी माणसासाठी आल्प्सचं पारंपरिक जेवण अवघड आहे आणि ते मी लपवणार नाही. गरिबीतून आणि लांब हिवाळ्यातून आलेलं हे जेवण: पीठ, दूध, चीज, शिळा पाव आणि खारवलेलं डुकराचं मांस, ज्याला 'श्पेक' म्हणतात. शाकाहारी म्हणून दिलेल्या पदार्थातही फसायला होतं. सूपमध्ये कापलेल्या धिरड्यांच्या पट्ट्या दिसतात, पण खालचं पाणी गोमांसाचं असतं. व्हिएन्नाच्या बटाट्याच्या सॅलडमध्येही तेच घालतात, हे अनेकांना माहीत नसतं. क्नोडल म्हणजे शिळ्या पावाचे उकडलेले गोळे, आपल्या फोडणीच्या पोळीमागची तीच काटकसर. पण त्यात दूध-अंडं असतं. चीजमध्ये घोळवलेले पिठाचे छोटे गोळे, कासनोकन, तुम्हाला आवडतील, सासऱ्यांना चालणार नाहीत. जुन्या पद्धतीच्या चीजमध्ये वासराच्या पोटातलं, दूध गोठवणारं रेनेट वापरतात, हेही त्यांना आधी सांगा. निर्णय त्यांचा त्यांना घेऊ द्या.

मी कार्डावर तीन शब्दप्रयोग छापून प्रत्येकाच्या खिशात देते: 'ओने फ्लाइश' म्हणजे मांसाशिवाय, 'ओने फिश', आणि 'ओने आय' म्हणजे अंड्याशिवाय. चौथा प्रश्न तळणीचा. 'बुटरश्माल्त्स' म्हटलं तर निर्धास्त राहा, ते चक्क तूप आहे. 'श्वाइनेश्माल्त्स' म्हटलं तर ती डुकराची चरबी. दोन शब्दांत शेवट सारखा आहे, म्हणून सुरुवात नीट ऐका.

सासऱ्यांनी मग खायचं काय? सफरचंदाचा श्ट्रुडेल हा पहिला पदार्थ. त्याची पारी हाताच्या पाठीवर इतकी पातळ ताणतात की खालचं वर्तमानपत्र वाचता यावं म्हणतात. जुन्या पद्धतीत त्या पिठात मैदा, पाणी, तेल एवढंच असतं. तरी विचारायचंच, कारण काही ठिकाणी अंडं घालतात आणि काही ठिकाणी बेदाणे रममध्ये भिजवतात. सकाळी ताजा काइझरझेमेल हा गोल पाव, लोणी आणि जर्दाळूचा मुरंबा. सप्टेंबरात भोपळ्याचं सूप सगळीकडे असतं, फक्त पाणी भाज्यांचं आहे ना ते विचारा. उकडलेल्या बटाट्यावर श्टायरमार्क प्रांतातलं भोपळ्याच्या बियांचं हिरवट-काळं तेल घालून बघा. खमंग, आपल्या कारळ्याच्या चटणीची आठवण येते. आल्मवर थंडगार ताक मिळतं आणि ते प्यायल्यावर सासऱ्यांची कळी खुलेल, याची मला खात्री आहे.

तुम्हा तिघांना अंडं चालत असेल तर काइझरश्मारन चुकवू नका. जाडसर गोड धिरडं तव्यातच फाडतात, साखर भुरभुरतात आणि शिजवलेल्या आलुबुखारांबरोबर देतात. दोघांत एक पुरतं. गेर्मक्नोडल नावाचा वाफवलेला गोळा आतून आलुबुखाराच्या सारणाचा आणि वरून लोणी आणि वाटलेली खसखस. त्यांची खसखस आपल्यासारखी पांढरी नसते, निळसर काळी असते.

सासऱ्यांच्या जेवणाची अशी अडचण आहे, म्हणून इश्लला हॉटेल घेऊ नका, स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घ्या. आणि आता सगळ्यात उपयोगाची गोष्ट: युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाने आणायला बंदी आहे. म्हणजे पुण्यातून तूप, पेढे, श्रीखंडाच्या वड्या, बर्फी काही नेऊ नका. विमानतळावर काढून घेतात, वर दंडही होऊ शकतो. ताज्या भाज्या आणि बहुतेक फळांनाही आडकाठी आहे. मेतकूट, भाजणी, कोरड्या चटण्या, पोहे, मुगाची डाळ, मसाला न्या. तूप तिथल्या दुकानात बुटरश्माल्त्स नावाने मिळतं. तांदूळ, दही, बटाटे, कोबी सगळं मिळतं. रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारी संध्याकाळच्या आत सामान भरा. दिवसभर बाहेर आणि रात्री मऊ भात, मेतकूट, तूप: या एका सोयीने माझ्या गटांतले अर्धे रुसवे मिटतात.

व्हिएन्नाच्या तीन दिवसांत शोनब्रुन राजवाडा, सांक्ट श्टेफान चर्च आणि ते संग्रहालय, एवढंच ठेवा. शोनब्रुनमध्ये १,४४१ खोल्या आहेत, आपल्याला त्यातल्या चाळीसेक दाखवतात आणि तेवढ्या पुष्कळ होतात. बाग मोठी आहे, टेकडीवरच्या ग्लोरिएट या कमानींच्या वास्तूपर्यंतचा चढ सासूबाईंनी केला नाही तरी चालेल. सासऱ्यांना इतिहासाची आवड असेल तर चर्चपाशी उभं राहून १६८३ सांगा: त्या वर्षी ओटोमन सैन्याने शहराला वेढा घातला होता, १२ सप्टेंबरला तो उठला, मागे राहिलेल्या तोफा वितळवून या चर्चची मोठी घंटा ओतली. त्याच वर्षी इकडे संभाजी महाराज गोव्यात पोर्तुगीजांशी लढत होते. तारखा शेजारी ठेवल्या की आपल्या माणसांचे डोळे चमकतात, हे मी दरवेळी बघते.

एक दुपार कॅफेसाठी राखून ठेवा. 'मेलांज' मागवा, ती फेसाळ दुधाची कॉफी. बरोबर चांदीच्या तबकात पाण्याचा छोटा पेला येतो, तो संपला तर पुन्हा भरून मिळतो. तासभर बसलात तरी कोणी उठवत नाही. बिल मागितल्याशिवाय येत नाही. ते पाणी आल्प्समधलं आहे. १८७३ साली पहिली आणि १९१० साली दुसरी जलवाहिनी सुरू झाली. दुसरी तर १८० किलोमीटरवरून येते, आणि पंप न लावता, उताराने. त्याआधी शहरात दूषित पाण्याने रोगराई होई. नळाचं पाणी निर्धास्त प्या, बाटल्या विकत घेऊ नका.

साल्झबर्गला होहेनसाल्झबर्ग किल्ला बघायचा. १०७७ मध्ये आर्चबिशप गेबहार्टने तो बांधायला घेतला. वर जायला १८९२ पासून रेल्वे आहे, त्यामुळे गुडघ्यांची काळजी नको, पण आतल्या फरसबंदी चढाला चांगले बूट लागतात. आपण गडावर गेलो की पाण्याची टाकी कुठे विचारतो, तशी इथेही आहेत. त्याशिवाय मागच्या बाजूला सामान चढवायचा दोरखंडाचा मार्ग बघा, 'राइसत्सुग'. तो इसवी सन १५००च्या आसपासचा आहे आणि अजून चालतो. या शहरात पाऊस बारीक, सरळ, दोऱ्यांसारखा पडत राहतो. त्याला नावच 'दोऱ्यांचा पाऊस' असं आहे. छत्री बॅगेत तळाशी ठेवू नका.

तिकिटांच्या क्रमाबद्दल: आधी विमान, जाताना व्हिएन्ना आणि येताना म्युनिक असं. मग इश्लचं घर, कारण चांगली घरं आधी जातात. तळमजल्याचं किंवा लिफ्टचं आहे का ते लिहून विचारा. मग व्हिएन्ना ते इश्ल रेल्वे, आत्नांग-पुखहाइमला एकदा बदलून. बदलीला किमान वीस मिनिटं हवीत, दहा मिनिटांची जोडगाडी ज्येष्ठांबरोबर घेऊ नका. शोनब्रुनची वेळ आठवडाभर आधी. शाफबेर्गचं तिकीट मात्र इथून काढू नका, ते त्या दिवशी सकाळी कॅमेरा बघून. सासूबाई पायऱ्या किती उतरतात आणि सासऱ्यांचं अंड्याचं काय ठरलं ते खाली लिहा, म्हणजे इश्लच्या तीन दिवसांचं वेळापत्रक गाड्यांच्या वेळांसह करून देते.